ड्वार्फ फोर्ट्रेसमधली नदी आणि पिंजऱ्याचा सापळा

ड्वार्फ फोर्ट्रेस हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये पिंजऱ्याच्या सापळ्याविषयी एक जुना वाद आहे. दगडातून घडवलेली एक यंत्रणा, एका ओंडक्यातून तयार होणारा एक पिंजरा आणि ते दोन्ही जागेवर बसवणारा एक कारागीर, एवढ्या भांडवलावर हरणापासून ड्रॅगनपर्यंत जवळजवळ काहीही जिवंत हाती लागते. खेळातली जमीन चौकोनांत विभागलेली असते; जनावर सापळ्याच्या चौकोनात पाऊल टाकते, पिंजरा मिटतो आणि प्रकरण तिथेच संपते. ना कुणी जखमी होते, ना जनावराच्या आकाराची अडचण येते. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे फळ मिळणे अनेक जाणत्या खेळाडूंना खटकते, आणि त्यातले काही जण हा सापळा स्वतःपुरता वर्ज्य मानतात. कोरड्या जमिनीपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. नदीच्या बाबतीत मात्र ते पटत नाही, कारण नदीकाठी सापळा नुसता मांडून फारसे काही साधत नाही. तिथे आधी पाण्याला कामाला लावावे लागते, आणि या खेळात पाण्याला कामाला लावणे हे मुळीच सोपे नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकी भावांनी २००२ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि ऑगस्ट २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. पुढे कितीतरी वर्षे त्याचे सगळे जग निव्वळ अक्षरे आणि चिन्हे यांनीच रंगवलेले असे. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह त्याची विकत मिळणारी आवृत्ती स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर आली. सात बुटके (म्हणजे ड्वार्फ) एक गाडी घेऊन रानात उतरतात, डोंगर पोखरून वस्ती करतात आणि बहुधा कधीतरी भयंकर रीतीने मरतात, असा त्याचा ढोबळ आराखडा आहे. जग प्रत्येक वेळी नव्याने घडवले जाते आणि त्यात पर्वत, पाऊस, नद्या, त्या नद्यांतली जनावरे हे सगळे हवामानाप्रमाणे ठरते. उष्ण प्रदेशातल्या नदीत पाणघोडे आणि मगरी असतात, समशीतोष्ण नदीत बीव्हर आणि पाणमांजरे असतात. त्यांच्या जोडीला कार्प, पाइक, स्टर्जन असे मोठे मासे असतात. बीव्हर या खेळात बांध घालत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. जिथे पाण्याचा प्रत्येक थेंब मोजला जातो, तिथे पाणी अडवणाऱ्या या एकमेव प्राण्याने नुसते इकडेतिकडे फिरावे हे काही बरे दिसत नाही.

कार्पची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नदी म्हटले की जुने खेळाडू अजूनही त्याचेच नाव घेतात. खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कोणतेही कौशल्य वापरात आले की ते वाढत असे आणि त्याबरोबर शरीराचे बळही वाढत असे. पोहणे हेसुद्धा एक कौशल्यच होते. बुटका कधीमधी पाण्यात पडे तेव्हा पोहे. मासा मात्र जन्मभर पोहतच असे. परिणामी नदीतला साधा कार्प हा अखंड व्यायाम करणारा पैलवान होऊन बसला. गळ घेऊन काठावर बसलेला किंवा पाणी प्यायला वाकलेला बुटका त्याच्या तावडीत सापडला की पाण्यात ओढला जाई आणि परत वर येत नसे. मासे जरा जास्तच आडदांड झाले, असे पुढे खुद्द टार्न अ‍ॅडम्स यांनीही मान्य केले आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्यांचा जोर ओसरला. मला या प्रकरणात विनोदापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. कार्प भयंकर करावा असे कुणीच ठरवले नव्हते. दोन साधे नियम एकमेकांना भेटले आणि त्यातून एक राक्षस तयार झाला. नदीतले जनावर धरतानाही आपण हेच करतो. आपल्याकडे मासे धरण्याची कळ नाही, आपल्याकडे फक्त नियम आहेत, आणि ते एकमेकांना कुठे भेटवायचे एवढेच आपल्या हातात आहे.

आता मूळ कामाकडे येतो. नदीतल्या मोठ्या जनावरांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाण्यात आणि जमिनीवर सारख्याच सहजतेने वावरणाऱ्यांचा, म्हणजे मगर, पाणघोडा, बीव्हर, पाणमांजर. दुसरा वर्ग निव्वळ जलचरांचा, जे कोरड्यावर पडले तर गुदमरून मरतात. याखेरीज लहान मासे, बेडूक यांसारखी किरकोळ मंडळी असतात, पण खेळ त्यांचा हिशेब वेगळाच ठेवतो. ती धरण्यासाठी छोटा प्राणिसापळा असतो आणि मत्स्यशाळेतून जिवंत मासा धरण्याचा हुकूमही देता येतो. त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

पहिल्या वर्गासाठी काठावर सापळे मांडणे पुरते, असे वाटण्याचा संभव आहे. ते अर्धेच खरे आहे. रानटी जनावराला आपल्या सापळ्याकडे ओढणारे कोणतेही आमिष या खेळात नाही. जनावर नकाशाच्या कडेने आत येते, काही काळ भटकते आणि निघून जाते. त्या भटकण्यात आपला चौकोन त्याच्या पायाखाली यावा लागतो. मोकळ्या काठावर पंचवीस सापळे पसरले तरी मगर त्यांच्यामधून सुखरूप निघून जाईल, कारण मोकळ्या जागेत तिला वाटा अगणित असतात. म्हणून आधी वाटा कमी कराव्या लागतात. काठाला समांतर भिंत घालायची, तिच्यात एका चौकोनाएवढी फट ठेवायची आणि त्या फटीत सापळा बसवायचा. भिंत जितकी लांब तितकी फटीतून जाण्याची शक्यता वाढते. हे काम करणारे गवंडी आणि कारागीर मात्र त्याच काठावर उभे असतात जिथे मगर आहे, आणि ते निःशस्त्र असतात. दोन-चार सैनिक तिथे उभे केले तर बीव्हर आणि पाणमांजर त्यांना बघून पळतात, म्हणजे ज्यांना धरायचे तेच दूर जातात. या पेचाला माझ्याजवळ एकच उपाय आहे: नदीत जनावर दिसत नसेल त्या काळात भिंत उभी करावी आणि नंतर काठाकडे माणूस फिरकू देऊ नये. मासेमारीवर त्या काळापुरती बंदी घालावी, हे ओघाने आलेच.

खरा कस लागतो तो दुसऱ्या वर्गापाशी. मासा काठावर येणार नाही, म्हणजे सापळा पाण्याखाली असला पाहिजे. भरलेल्या नदीत बुटका काही बांधू शकत नाही. या खेळात पाण्याची खोली प्रत्येक चौकोनात १ ते ७ अशी मोजली जाते, ३ पर्यंत बुटका चालत जातो आणि ४ पासून पुढे तो पाय घालत नाही. नदी तर ७ वर भरलेली असते. तेव्हा सापळे कोरड्यात बांधायचे आणि नदी त्यांच्यावर आणायची, एवढा एकच मार्ग उरतो.

त्याची माझी रीत अशी आहे. नदीचे पाणी काठाच्या जमिनीपेक्षा एक पातळी खाली असते. त्याच खालच्या पातळीवर, नदीपासून काही चौकोन आत, तीन बाय तीनची एक खोली खणायची. तिच्यातून नदीच्या दिशेने दोन अरुंद बोगदे न्यायचे, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला, दोन्ही एकेका चौकोनाच्या रुंदीचे. नदी आणि बोगदा यांच्यामध्ये मातीचा एक चौकोन तसाच राखायचा. प्रत्येक बोगद्यात, त्या मातीच्या मागे, एकेक जलद्वार बसवायचे. तिसरे जलद्वार खोलीच्या मागच्या बाजूला, जिथून पाणी आणखी खालच्या रिकाम्या टाकीत सोडता येईल. खोलीच्या नऊही चौकोनांत पिंजऱ्याचे सापळे. नदीकडच्या दोन दारांना मिळून एक लिव्हर आणि निचऱ्याच्या दाराला स्वतंत्र लिव्हर. हिशेब केला तर सापळ्यांना ९ यंत्रणा, दोन लिव्हर उभे करायला २, आणि प्रत्येक दार लिव्हरला जोडताना दोन्ही टोकांना एकेक याप्रमाणे ६, म्हणजे एकूण १७ यंत्रणा आणि ९ पिंजरे लागतात. यंत्रणा घडवणारा कारागीर नवखा असेल तर हे काम ऋतूभर चालते.

सगळे जोडून झाले, दारे मिटली, आत कुणी राहिले नाही याची खात्री झाली, की मग राखलेली माती फोडायची. ही माती बोगद्यातून फोडणारा खाणकामगार पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून ती वरून, काठावर उभे राहून फोडायची असते. वरच्या पातळीवरून चर खणण्याचा हुकूम दिला की बुटका शेजारच्या चौकोनावर उभा राहतो, कुदळ घालतो, जमीन आणि तिच्याखालची माती एकदम जाते आणि नदीचे पाणी त्याच्या पायाखालून आत शिरते. तो स्वतः कोरडा राहतो. त्यानंतर त्या उघड्या तोंडावर फरशी घालून ते बंद करावे, नाहीतर वरून एखादा बेसावध बुटका आत पडायचा. मग लिव्हर ओढायचा. दारे लगेच उघडत नाहीत, लिव्हर आणि दार यांच्यामध्ये थोडा विलंब असतो, आणि त्या विलंबात पडद्यावर काहीच घडत नाही. मग खोलीतल्या चौकोनांवर १, २, ४ असे आकडे चढू लागतात आणि शेवटी सगळीकडे ७ दिसतो. आता ती खोली नदीचाच एक फाटा झालेली असते आणि तिच्या तळाशी नऊ पिंजरे वाट पाहत असतात.

बोगदे दोन कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारील. एकाच तोंडाची खोलीही चालते, पण मग ती एक बंद आळी असते आणि माशाला तिथे जायचे कारण नसते. दोन तोंडे असली की खोली नदीतल्या नदीत जाण्याचा आणखी एक मार्ग ठरते आणि भटकणारा मासा तिच्यातून जाण्याची शक्यता बरीच वाढते, असा माझा अनुभव आहे. मासा अडकला की सूचना येते, पण पिंजरा अजून सात हात पाण्याखाली असतो. नदीकडची दारे मिटवायची, निचऱ्याचे दार उघडायचे, आणि पाणी खालच्या टाकीत उतरू द्यायचे. तळाशी उरलेले १ एवढे पाणी आपोआप सुकते. मग हमाल आत जातात, भरलेला पिंजरा उचलून आणतात आणि कारागीर त्या जागी नवा पिंजरा चढवतो. पिंजऱ्यातला मासा पाण्याविना जिवंत राहतो. ही खेळाची सवलत आहे आणि ती मी निमूटपणे घेतो. जो मासा सापळ्यात न सापडता खोलीत कोंडला गेला त्याला ही सवलत नाही, तो फरशीवर तडफडून मरतो.

इथे दोन बारकावे ध्यानात ठेवले पाहिजेत. निचऱ्याच्या वाटेवर कुणी दगडी जंग्या, म्हणजे भिंतीतल्या बाण मारायच्या फटी, कोरतात, म्हणजे पाणी जाईल आणि जनावर अडेल अशी त्यामागची समजूत असते. जमिनीवर ती बरोबर आहे. मात्र जंगीचा चौकोन पाण्याने पूर्ण भरला की पोहणारे जनावर तिच्यातून आरपार जाते, आणि मग खालच्या टाकीतून पाणी भरणारा बुटका एके दिवशी मगरीच्या समोर उभा ठाकतो. उभे गज किंवा जाळी मात्र पाण्याखालीही अडवते. दुसरा बारकावा दाबाचा. नदीचे पाणी खाली उतरले की पुन्हा नदीच्या पातळीपर्यंत चढायला बघते, त्यामुळे टाकी जर वस्तीशी जोडलेली असेल तर एक उघडे राहिलेले दार सबंध तळमजला बुडवू शकते. पाण्याला एकाच ठिकाणी कर्णरेषेत, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला लावले की त्याचा दाब मरतो. या एका युक्तीने जितक्या वस्त्या वाचल्या असतील तितक्या तलवारीने वाचल्या नसतील.

थंड प्रदेशात नदी हिवाळ्यात गोठते. तेव्हा ती बर्फाची भिंत होते, तिच्यात खणता येते आणि उन्हाळ्यात जिथे पोचणे अशक्य तिथे त्या काळात काम करता येते. कुणाला हा मार्ग सोपा वाटेल. मला तो भीतिदायक वाटतो, कारण बर्फ वितळण्याचा क्षण कुणी सांगून येत नाही आणि त्या क्षणी नदीत असलेला प्रत्येक बुटका ७ एवढ्या पाण्यात असतो. गोठण्याचा क्षणही तितकाच निर्दय असतो. पाण्यात जो असेल तो बर्फाखाली जातो.

आपल्याकडे सांगलीजवळ कृष्णेत मगरी आहेत, चिपळूणला पावसाळ्यात वाशिष्ठीतली मगर थेट रस्त्यावर आल्याची दृश्ये आपण पाहिलेली आहेत. त्या मगरी ऊन खायला काठावर पडून राहतात, काठात बिळे करतात, पूर आला की त्याच्याबरोबर नव्या जागी जातात. खेळातल्या मगरीला यातले काही ठाऊक नाही. तिला ऊन नको, बीळ नको, आणि पूर तर तिच्या नदीला येतच नाही. खेळाच्या २००७ पूर्वीच्या सपाट आवृत्तीत डोंगराच्या पोटातली नदी अधूनमधून फुगत असे आणि भोवतीची जमीन बुडवून पुन्हा ओसरत असे; तिसरी मिती आली आणि ती गोष्ट गेली. इतका तपशीलवार खेळ, ज्यात बुटक्याच्या एकेका बोटाची जखम वेगळी नोंदली जाते, त्यात नदी बारा महिने एकाच पातळीवर वाहते. कोकणात वाढलेल्या माणसाला ते विचित्र वाटल्याशिवाय राहत नाही.

धरलेल्या जनावराचे करायचे काय, हा पुढचा भाग आहे. रानटी जनावर पिंजऱ्यातून काढून थेट खाटकाकडे देता येत नाही, आधी ते शिकवावे लागते. पूर्वी अशा विदेशी जनावरांसाठी वस्तीत डंजन मास्टर नावाचा खास अधिकारी यावा लागे. २०१२ मध्ये ही व्यवस्था बदलली आणि आता कुणीही प्रशिक्षक हे काम करू शकतो, फक्त त्याला जनावराच्या आहाराप्रमाणे खाद्य लागते. शिकवलेली मगर मात्र कायमची माणसाळत नाही. प्रशिक्षकाने तिच्याकडे पाठ फिरवली की तिचे शिक्षण हळूहळू उतरते आणि एक दिवस ती वस्तीच्या मधोमध पुन्हा रानटी होते. यावरचा उपाय पुढच्या पिढीत आहे. नर-मादी दोन्ही हाती लागली तर मादीला अंडी घालायला खोपे बांधून द्यावे, अंडी स्वयंपाकघरात जाऊ नयेत म्हणून त्यांना हात लावण्याची मनाई करावी, आणि पिल्ले निघाल्यावर ती लहान आहेत तोवरच शिकवावी. मग ती पूर्णपणे पाळीव होतात. मगरीचे एक खोपे म्हणजे डझनांनी पिल्ले, आणि मांसाहारी पाळीव जनावराला या खेळात खाऊ घालावे लागत नाही. म्हणून मगरीचा धंदा गाई पाळण्यापेक्षा स्वस्त पडतो. फक्त पिल्लांची संख्या वेळीच आवरली नाही तर संगणक दमतो आणि बुटके पायात बेड्या घातल्यासारखे चालू लागतात.

नदीतला साठा अक्षय नाही, हेही विसरू नये. त्या प्रदेशात प्रत्येक जातीची संख्या ठरलेली असते, आणि ती संपली की नदी त्या जातीपुरती कायमची रिकामी होते. म्हणून जोडी हाती लागल्यावर मी नदीकडची दारे मिटवून टाकतो.

राहता राहिला व्यापार. नदीतली पकडलेली आणि शिकवलेली जनावरे काफिल्यांना विकता येतात आणि पैसेही बरे येतात. वसंतात येणारे एल्फ, म्हणजे झाडांना जपणारी वनवासी जमात, स्वतःही पिंजऱ्यांतून पाळीव जनावरे विकायला आणतात, आणि एरवी न मिळणारी मादी कधी त्यांच्याकडूनच मिळते. त्यांना मगर विकताना मात्र पिंजरा लाकडी असता कामा नये. झाड तोडून केलेली वस्तू समोर ठेवली की ते अपमान मानून व्यापार मोडतात, मग आत कितीही दुर्मीळ जनावर असो. यासाठी विक्रीची जनावरे लोखंडी पिंजऱ्यांत किंवा हिरव्या काचेच्या पेट्यांत हलवून ठेवावीत, आणि हे काम हिवाळ्यातच उरकावे, कारण काफिला दारात उभा असताना मगर एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात नेण्याची हिंमत करणारा बुटका शोधावा लागतो.